पाण्यापलीकडच्या घराची मोटार

मोटार कोणती घ्यावी हा प्रश्न दैनिकाच्या पहिल्या पानावर येण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका आमच्या काही वाचकांना येईल, आणि ती रास्तही आहे. मुंबई-पुण्याच्या गृहस्थास मोटार ही सोय असते, क्वचित हौस असते आणि पुष्कळदा शेजाऱ्यास दिलेले उत्तर असते. ती नसली तरी त्याचे अडत नाही. लोकल आहे, बस आहे, टॅक्सी आहे. परंतु रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिवेआगरसारख्या गावी नांदणाऱ्या कुटुंबास मोटार म्हणजे दवाखाना, कचेरी, बाजार आणि महाविद्यालय यांना जोडणारा दुवा होय. हा दुवा कसा असावा हे ठरविताना त्या कुटुंबापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांची उत्तरे शहरातील विक्रेत्याच्या झगझगीत दालनात मिळत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. आजवर मोटारीचा विचार ज्यांनी दूर ठेवला होता, त्यांनीही आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे हे साहजिक आहे. हा हिशेब बहुधा कर्ज काढून होतो, आणि तो चुकला तर चुकीचे हप्ते पाच-सात वर्षे भरावे लागतात. यास्तव या विषयास आम्ही आज ही जागा देत आहोत.

दिवेआगर हे नकाशावर बेट नाही. पण नकाशा पाहणे निराळे आणि तेथे नांदणे निराळे. श्रीवर्धन तालुक्याच्या या भागास पश्चिमेस समुद्र आहे. उत्तरेस राजपुरीची खाडी आहे, जिच्या मुखाशी जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. दक्षिणेस सावित्रीचे मुख, म्हणजे बाणकोटची खाडी आहे. चौथ्या दिशेस डोंगर आहेत, आणि त्यांतून वळणे घेत म्हसळ्यास व तेथून माणगावास जाणारा रस्ता आहे. माणगाव येथून पन्नास किलोमीटरांच्या घरात आहे. मुंबई-गोवा महामार्ग तेथे, कोकण रेल्वेचे स्थानक तेथे आणि उपजिल्हा रुग्णालयही तेथे. जिल्ह्याचे ठाणे जे अलिबाग, तेथे जाण्याची सरळ वाट तर पाण्यावरूनच जाते. दिघीच्या धक्क्यावर मोटार फेरीबोटीत चढवावी, पलीकडे आगरदांड्यास उतरावी आणि मुरुड, रेवदंडा करीत अलिबाग गाठावे. लोकांच्या तोंडी ही बोट ‘जंगलजेटी’ म्हणून रुळली आहे. ती बंद असेल तर म्हसळा-तळ्याकडून साऱ्या खाडीस वळसा घालावा लागतो. दक्षिणेस मंडणगड-दापोलीकडे जावयाचे तर बागमांडल्याहून वेसवीस पुन्हा बोटच. ज्या गावच्या माणसास स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्यास जाण्यासाठी आधी भरती-ओहोटीचा आणि बोटीच्या वेळेचा विचार करावा लागतो, त्यास द्वीपवासी म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

हे असे पूर्वीपासून नव्हते. एके काळी कोकणच्या किनाऱ्याचा राजमार्ग समुद्र हाच होता. गलबते, मचवे आणि पुढे आगबोटी यांनी मुंबई व कोकण जोडलेले होते. त्या मार्गाची किंमतही कोकणाने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. त्या दुःखाची आठवण किनाऱ्यावरील गावांत अजूनही पुसलेली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतरच्या काळात वाहतुकीचे तोंड हळूहळू समुद्राकडून जमिनीकडे वळले. कोकणच्या आगबोटी पुढे बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तीही डोंगराच्या आतल्या अंगाने. ज्या पाण्याने शतकानुशतके माणसे जोडली, तेच पाणी मोटारीच्या युगात आडवे येऊ लागले. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना याच श्रीवर्धन भागाचे प्रतिनिधी आणि १९८० ते १९८२ या काळातील मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी पुढे आणली. तिला आता चार दशके उलटून गेली. रस्त्याचे तुकडे झाले, परंतु मोठ्या खाड्या अद्याप मोकळ्याच आहेत.

अशा ठिकाणी सार्वजनिक वाहन हाच खरा आधार असावयास हवा, हे आमचे मत आजचे नाही. पण तो आधार किती डळमळीत होऊ शकतो याचा अनुभव २०२१ च्या अखेरीस आला. एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप महिनोन् महिने लांबला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये मिटला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचे समर्थन कोणी करो वा न करो, त्या काळात आतल्या गावांतील विद्यार्थी, रोगी आणि वृद्ध यांची जी परवड झाली ती नाकारता येणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, झाडे पडून रस्ते बंद झाले आणि अनेक दिवस वीज नव्हती. अशा दिवसांतून गेलेल्या कुटुंबाने दारात स्वतःचे वाहन असावे अशी इच्छा धरली, तर तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

प्रश्न उरतो तो निवडीचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. त्याच चालीवर, वाट पाहून चाके घ्यावीत असे आम्ही म्हणू. शहरातील ग्राहक मोटार निवडतो ती तिच्या सर्वांत चांगल्या दिवसाची कल्पना करून. मोकळा द्रुतगती मार्ग, गार हवा आणि सुट्टीचा दिवस त्याच्या डोळ्यांपुढे असतो. किनाऱ्यावरील कुटुंबाने ती निवडावी सर्वांत वाईट दिवसाची कल्पना करून. आषाढातील रात्र आहे, घरात रोगी आहे, बोट बंद आहे आणि घाटात धुके आहे. त्या रात्री जी मोटार बिनतक्रार माणगावास पोचेल ती चांगली. तिच्या छताला काच आहे की पत्रा, याला त्या वेळी किंमत नाही.

पहिला विचार मापाचा. दिवेआगरच्या आळ्या दोन बाजूंच्या वाड्यांच्या गडग्यांमधून जातात. समोरून बैलगाडी अथवा मिनीडोर आली की रुंद मोटारीस मागे सरकावे लागते. जंगलजेटीवरही हेच. बोटीवरील जागा मोजकी असते आणि आडव्या-उभ्या लावलेल्या वाहनांत छोटी मोटार सहज सामावते. धक्क्याचा उतार तर भरती-ओहोटीबरोबर बदलतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरांच्या आसपास वरखाली होते, आणि पूर्ण ओहोटीस बोटीची फळी व धक्का यांच्यामध्ये जो कोन पडतो त्यात लांब नाकाच्या, बुटक्या मोटारीचे पोट घासते. म्हणून लांबी थोडी, जमिनीपासूनची उंची पुरेशी आणि चाकांच्या पुढे-मागे लोंबणारा भाग कमी, ही तीन लक्षणे पाहावीत. करसवलतीची मर्यादाही चार मीटर लांबीचीच आहे. पेट्रोलच्या मोटारीस १२०० आणि डिझेलच्या मोटारीस १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे एंजिन असेल तर १८ टक्के कर आणि त्यापुढील मोटारींवर ४० टक्के, असा हा फरक आहे. येथे वाटेची गरज आणि सरकारची सवलत एकाच दिशेस बोट दाखवितात, असा योग नेहमी येत नाही.

छोटी मोटार म्हणजे कमी प्रतीची मोटार, हा समज आपण सोडला पाहिजे. जपानसारख्या संपन्न देशात ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि ६६० घनसेंटिमीटर एंजिनाच्या मर्यादेतील छोट्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि अरुंद रस्त्यांच्या गावांत व बेटांवर त्याच मोटारी घराघरांतून दिसतात. १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे अवतरलेली मारुती ८०० ही त्याच घराण्यातली. तिने या देशातील मध्यमवर्गास प्रथमच चार चाकांवर बसविले आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले तरी कोकणातल्या पडव्यांत ती अजून आढळते. ती टिकली ती डौलामुळे नव्हे, तर तिचे पोट कोणासही उघडून पाहता येत होते म्हणून.

दुसरा विचार दुरुस्तीचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, तालुक्याचा कारागीर दोन पाने आणि एक पक्कड घेऊन चालती करी. आजच्या मोटारीत संगणक आहे. दिवा लागतो, पण का लागला हे सांगण्यास यंत्र लागते आणि ते यंत्र सेवा केंद्रात असते. तेव्हा मोटार पसंत करण्यापूर्वी तिचे सेवा केंद्र कोठे आहे, घाटापलीकडे की खाडीपलीकडे, हे विचारावे. गावातील कारागिरास भेटून कोणत्या मोटारीचे सुटे भाग दोन दिवसांत मिळतात आणि कोणत्या मोटारीची वाट पाहत तो महिना काढतो, हेही विचारावे. त्याचे मत जाहिरातीच्या दहा पानांहून मोलाचे असते. गावात ज्या जातीच्या मोटारी अधिक, तीच जात आपल्यासही बरी. एरवी अनुकरणास आम्ही उत्तेजन देणार नाही, पण येथे त्यात शहाणपण आहे.

तिसरा विचार खाऱ्या हवेचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर बसतात, हवेतील ओल ओढून घेतात आणि लोखंडावरील संरक्षक थर फोडतात. गंज प्रथम दिसतो तेथे तो सुरू झालेला नसतो. तो सुरू होतो पत्र्यांच्या जोडांत, दाराखालच्या पोकळीत, धुराच्या नळीवर आणि ब्रेकच्या तबकड्यांवर. वर्षातून शंभर दिवस चालणारी मोटार येथे तीनशे पासष्ट दिवस गंजत असते. यावर उपाय साधे आहेत, पण ते नियमाने करावे लागतात. जस्ताचा थर दिलेला पत्रा आहे काय ते विचारावे, तळास गंजरोधक लेप द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी तो तपासावा, आठवड्यास गोड्या पाण्याने खालची बाजू धुवावी आणि मोटार हवा खेळती राहील अशा छपराखाली ठेवावी. ओल्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली मोटार उघड्यावरच्या मोटारीपेक्षा लवकर सडते. वापरलेली मोटार घेणाऱ्याने तर रंगावर न भुलता ती उचलून तिचा तळ पाहावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि जुलै २०२१ मध्ये महाडात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. असे प्रसंग पुन्हा येतात, आणि पुरात बुडालेली मोटार धुऊनपुसून कोठे विकली जाते हे घेणाऱ्यास कळत नाही. आसनाखालचा गालिचा उचलून चिखलाचा वास घेणे यात कमीपणा नाही.

विजेच्या मोटारीविषयी हल्ली बरेच बोलले जाते. तिच्यात एंजिन नाही, धुराची नळी नाही, आणि गंजण्यासारख्या वस्तू तितक्या कमी. गावातल्या गावात, बोर्ली पंचतन वा श्रीवर्धनपर्यंतच्या फेऱ्यांना ती स्वस्त पडते आणि घरीच भारित करता येते. परंतु ज्या गावाने निसर्ग वादळानंतर अंधारात अनेक रात्री काढल्या, तेथे घरातील एकुलते एक वाहन केवळ विजेवर असावे काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरातील माणसे पाहून करावा. दुचाकी विजेची आणि मोटार इंधनाची, ही विभागणी आज अधिक सुरक्षित दिसते.

चौथा विचार मोटार घ्यावी की नाही याचाच. पर्यटकांना घरी उतरवून घेणारी, सुपारी-नारळाची पोती बाजारास नेणारी कुटुंबे मोटारीकडून काम करून घेतात. त्यांनी मागील आसने दुमडणारी, चौकटीसारखी मोटार घ्यावी आणि रंगाची चिंता करू नये. पण ज्या घरात मोटार महिन्यातून दोनदाच बाहेर पडणार, तेथे भाड्याची गाडी अधिक परवडते. दोन भावांच्या घरांत एक मोटार ही व्यवस्थाही आपल्या समाजास अपरिचित नाही. अंगण एक असते, विहीर एक असते, तर मोटार का नसावी?

आता शहरातील वाचकांस दोन शब्द. सुट्टीत दिवेआगरास जाणारा वाचकवर्ग आमचाच आहे. तेथील चार-पाच किलोमीटरांच्या सुंदर पुळणीवर मोटार घालून ती लाटांत फिरविण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि चाकाखाली सरकते. भरती कोणासाठी थांबत नाही. रुतलेली मोटार ओढण्यास गावचीच माणसे धावतात आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली मोटार पूर्ववत होत नाही. त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पुळण हा रस्ता नव्हे. आणि आळीतून जाताना आपली मोटार रुंद असेल तर ती गावाबाहेर उभी करून चालत जावे. ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून उतरतो, त्यांच्या दवाखान्याची वाट अडवून ठेवणे हे पाहुण्यास शोभणारे नाही.

येथवर आम्ही कुटुंबाच्या शहाणपणाविषयी लिहिले. परंतु कुटुंबाने कितीही विचारपूर्वक मोटार निवडली तरी पाण्यावरून ती स्वतः चालत जात नाही. तेथे शासनाचे कर्तव्य सुरू होते. जंगलजेटी रात्रभर चालत नाही. वादळी हवेत ती थांबवावी लागते आणि तसे करणे योग्यच आहे. पण थांबली आहे हे लोकांस धक्क्यावर गेल्यावर कळावे, हे योग्य नव्हे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावत आहे. ती रात्री खाडीच्या काठी येऊन थांबली तर तिचा उपयोग काय? आमचे स्पष्ट मत असे की, ज्या ठिकाणी बोटीवाचून सरळ वाट नाही, तेथे बोट हा रस्त्याचाच भाग मानला पाहिजे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. नॉर्वेत राष्ट्रीय मार्गावरील फेरीबोट ही त्या मार्गाचाच भाग समजली जाते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांसाठी २००८ साली असा प्रयोग सुरू झाला की, तेवढेच अंतर मोटारीने रस्त्यावरून कापण्यास जो खर्च येईल, त्याच्याशी बोटीचे भाडे जोडावे. पुढे तो तेथील इतर मार्गांवरही लागू झाला. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरचे लोक मोटारींसह फेरीबोटीने ये-जा करतात. त्या बोटी शासनाचे नदी परिवहन खाते चालविते आणि पायी जाणाऱ्यांकडून भाडे घेत नाही. आपल्या राज्यात १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड या वाहतुकीचे नियमन करते. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारी नेणारे मोठे जहाज सुरू झाले, तेव्हा शहरवासीयांच्या शनिवार-रविवारची सोय झाली. ती झाली याचा आम्हांस आनंद आहे. पण जो पाण्यापलीकडे बारा महिने राहतो, त्याच्या सोमवारचा विचारही व्हावयास हवा. स्थानिक रहिवाशांच्या मोटारींस सवलतीचे भाडे, धक्क्यावर व भ्रमणध्वनीवर वेळेवर सूचना, आणि रात्री रुग्णवाहिकेसाठी सज्ज असलेली एक बोट व तिचे खलाशी, इतक्या तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. त्यास कोट्यवधींचा पूल लागत नाही.

पूल हवेत हे उघड आहे. आगरदांडा-दिघी आणि बाणकोट येथील पूल सागरी महामार्गाच्या योजनेत आहेत आणि राज्य रस्ते विकास महामंडळाने ते हाती घेतले आहेत. बाणकोटच्या खाडीत मागील दशकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब ज्यांनी पाहिले आहेत, ते मात्र तारखांवर सहज विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पूल झाला म्हणजे सारे संपले असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्यांतील प्रवासी गेले. पुलाची निगा राखावी लागते, ही शिकवण त्या रात्री फार महाग मिळाली. आणि पुलावरून जी वाहने धडधडत येतील त्यांच्यासाठी दिवेआगरच्या आळ्या काही रुंद होणार नाहीत. गावाबाहेर वाहनतळाची जागा आजच राखून ठेवली नाही, तर पुढे वाड्या तोडून ती काढावी लागेल. वादळाने आडवी झालेली सुपारी लोकांनी पुन्हा लावली आहे. ती वाहनतळासाठी पुन्हा आडवी होऊ नये.

पाण्यापलीकडे राहणाऱ्या कुटुंबाने आपली मोटार बेताची, दुरुस्त होण्याजोगी आणि जपून वापरता येईल अशी घ्यावी, हे आमचे त्यास सांगणे आहे. त्याचा हिशेब तो करीलच, कारण हप्ते त्यालाच भरावयाचे आहेत. शासनाने आपला हिशेब करावा. करसवलतीमुळे मोटार त्याच्या दारापर्यंत आली, तर दिघीच्या धक्क्यापासून पुढची वाटही त्याला रात्री-अपरात्री मिळाली पाहिजे. अलिबागच्या कचेरीत बसणाऱ्यांस ही खाडी ओलांडण्याची गरज क्वचित पडते. ज्यांना ती रोज पडते, त्यांच्या वतीने हे लिहिले आहे.